जॉर्ज बस्क

जॉर्ज बस्क (१२ ऑगस्ट, १८०७ – १० ऑगस्ट, १८८६) हे ब्रिटिश शल्यचिकित्सक, प्राणिशास्त्रज्ञ व पुराजीवशास्त्रज्ञ होते. लंडनजवळ थेम्स नदीत नांगरून ठेवलेल्या खलाशांच्या तरंगत्या रुग्णालयात त्यांनी सुमारे दोन तपे शल्यचिकित्सक म्हणून काम केले. त्यानंतर वैद्यकीचा व्यवसाय सोडून त्यांनी उर्वरित आयुष्य प्राणिशास्त्राच्या अभ्यासाला वाहिले. ब्रायोझोआ या सूक्ष्म जलचर प्राण्यांच्या वर्गीकरणातील त्यांचे काम पायाभूत मानले जाते. निअँडरथल मानवाचे अवशेष इंग्रजी वाचकांसमोर आणण्याचे श्रेयही मुख्यतः त्यांच्याकडे जाते.

वैद्यकशास्त्रात बस्क यांचे नाव एका परजीवी कृमीमुळे टिकून आहे. १८४३ मध्ये एका भारतीय खलाशाच्या शवविच्छेदनात त्यांना मोठ्या आकाराचे पर्णकृमी आढळले. हा कृमी आज फॅसिओलॉप्सिस बस्की या नावाने ओळखला जातो. दूषित पाण्यात वाढलेल्या वनस्पती कच्च्या खाल्ल्याने त्याचा संसर्ग होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर तालुका येथेही या रोगाचे रुग्ण आढळले. त्यामुळे महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाशी बस्क यांच्या शोधाचा थेट संबंध आहे.

जन्म आणि शिक्षण

बस्क यांचा जन्म रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. त्यांचे वडील रॉबर्ट बस्क हे तेथे स्थायिक झालेले इंग्रज व्यापारी होते. जॉर्ज यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाले. त्या काळच्या प्रथेप्रमाणे त्यांनी प्रथम एका अनुभवी शल्यचिकित्सकाच्या हाताखाली उमेदवारी केली आणि पुढे लंडनमधील सेंट थॉमस व सेंट बार्थोलोम्यू या रुग्णालयांत शिक्षण पूर्ण केले. १८४३ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने अधिछात्र ही पदवी प्रथमच सुरू केली. ती मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत बस्क यांचा समावेश होता. त्याच वर्षी त्यांचा विवाह चुलत बहीण एलेन बस्क यांच्याशी झाला.

खलाशांच्या रुग्णालयातील सेवा

सीमेन्स हॉस्पिटल सोसायटी ही धर्मादाय संस्था १८२१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. लंडन बंदरात उतरणाऱ्या कोणत्याही देशाच्या आजारी खलाशाला विनामूल्य उपचार मिळावेत, हा तिचा उद्देश होता. संस्थेचे रुग्णालय जमिनीवर नव्हते. ग्रिनिच येथे थेम्स नदीत नांगरलेल्या जुन्या युद्धनौकांवर ते चालवले जाई. पहिली नौका ग्रॅम्पस होती. तिच्या जागी १८३१ मध्ये ड्रेडनॉट ही नौका आली. १८०५ च्या ट्रफॅल्गरच्या लढाईत भाग घेतलेली ही ९८ तोफांची नौका पुढे पाव शतक आजारी खलाशांचा आसरा ठरली.

बस्क १८३० च्या दशकाच्या आरंभी या रुग्णालयात रुजू झाले आणि १८५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी तेथे काम केले. जगभरच्या बंदरांतून आलेले रुग्ण एकाच ठिकाणी पाहायला मिळत असल्याने उष्ण कटिबंधातील रोगांच्या अभ्यासाला तेथे मोठा वाव होता. त्या काळी अशा रोगांच्या शिक्षणासाठी लंडनमध्ये वेगळी संस्था नव्हती. बस्क यांनी तेथे पटकी आणि स्कर्व्ही या रोगांविषयी महत्त्वाची निरीक्षणे नोंदवली. पटकीच्या वीस रुग्णांवरील त्यांचा अहवाल त्यांनी त्याच नौकेवरील वैद्य जॉर्ज बड यांच्यासह १८३८ मध्ये प्रसिद्ध केला.

या रुग्णालयात भारतीय खलाशीही मोठ्या संख्येने येत. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या आशियाई खलाशांना लास्कर म्हटले जाई. कोकण, गोवा, गुजरात व बंगाल या भागांतून त्यांची भरती होई. लंडनमध्ये पोहोचल्यावर परतीचे जहाज मिळेपर्यंत त्यांपैकी अनेकांना हालअपेष्टेत दिवस काढावे लागत. थंडी, अपुरे अन्न आणि दाटीवाटीची वस्ती यांमुळे त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण मोठे होते.

पर्णकृमीचा शोध

१८४३ मध्ये खलाशांच्या रुग्णालयात एका भारतीय खलाशाचा मृत्यू झाला. बस्क यांनी त्याचे शवविच्छेदन केले. त्यात ग्रहणीमध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, त्यांना १४ चपटे, मांसल व पानाच्या आकाराचे कृमी मिळाले. मेंढ्यांच्या यकृतातील पर्णकृमी त्या काळी माहीत होता. नव्याने सापडलेले कृमी मात्र त्याहून बरेच मोठे होते व यकृताऐवजी आतड्यात होते. बस्क यांनी हे नमुने जपून ठेवले, परंतु त्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला नाही. बड यांनी यकृताच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात या कृमींची माहिती बस्क यांच्या नावासह दिली. १८५७ मध्ये एडविन लँकेस्टर यांनी क्युखेनमाइस्टर या जर्मन शास्त्रज्ञाच्या परजीवींवरील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या कृमीला बस्क यांच्या गौरवार्थ डिस्टोमा बस्की असे नाव दिले. पुढे वर्गीकरणात बदल होत गेले आणि १९०२ पासून ही जाती फॅसिओलॉप्सिस या प्रजातीत गणली जाते.

ज्या खलाशाच्या देहात हा कृमी प्रथम सापडला, तो वैद्यकीय ग्रंथांत केवळ भारतीय खलाशी म्हणूनच ओळखला जातो. कृमी त्याच्या शरीरात कसा शिरला, या प्रश्नाचे उत्तर बस्क यांच्या हयातीत मिळाले नाही. शोधानंतर सुमारे ८० वर्षे हा मार्ग अज्ञात राहिला.

याच काळात बस्क यांनी नारूच्या कृमीचाही अभ्यास केला. या कृमीची शरीररचना व स्वरूप यांविषयीचा त्यांचा निबंध १८४६ च्या सुमारास लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. नारू हा रोग महाराष्ट्रातील पायऱ्यांच्या विहिरी वापरणाऱ्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता. भारतातील त्याचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला व २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

प्राणिशास्त्रातील कार्य

रुग्णालयाची सेवा सोडल्यावर बस्क लंडनमध्ये स्थायिक झाले. सूक्ष्मदर्शकाचा वापर हा त्यांच्या सर्व संशोधनाचा समान धागा होता. १८४० च्या दशकाच्या अखेरीस ते मायक्रोस्कोपिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८५३ पासून १८६८ पर्यंत त्यांनी सूक्ष्मदर्शकीय विज्ञानाला वाहिलेल्या त्रैमासिकाच्या संपादनात भाग घेतला. १८५० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

ब्रायोझोआ हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. हे प्राणी वसाहती करून खडक, शिंपले व सागरी वनस्पती यांवर वाढतात आणि साध्या डोळ्यांना शेवाळासारखे किंवा जाळीसारखे दिसतात. बस्क यांनी ब्रिटिश म्युझियममधील सागरी ब्रायोझोआंची सूची तयार केली. तिचे पहिले भाग १८५२ ते १८५४ या काळात प्रसिद्ध झाले. बीगल व रॅटलस्नेक या नौकांच्या सफरींत गोळा केलेल्या नमुन्यांचाही त्यांनी अभ्यास केला. चॅलेंजर या नौकेच्या जागतिक सागरी मोहिमेतील ब्रायोझोआंवरील त्यांचा अहवाल १८८४ व १८८६ मध्ये दोन भागांत निघाला. ब्रायोझोआंतील बस्किया या प्रजातीचे नाव त्यांच्यावरून ठेवण्यात आले आहे.

निअँडरथल मानव आणि उत्क्रांतिवाद

१८५६ मध्ये जर्मनीतील निअँडर खोऱ्यात मानवासारख्या प्राण्याची हाडे सापडली. हेरमान शाफहाउझेन यांनी त्यांवर लिहिलेल्या जर्मन निबंधाचा बस्क यांनी केलेला इंग्रजी अनुवाद एप्रिल १८६१ मध्ये नॅचरल हिस्टरी रिव्ह्यू या नियतकालिकात आला. अनुवादाला त्यांनी स्वतःच्या टिपणाची जोड दिली व त्या कवटीची तुलना वानरांच्या कवटीशी केली. जिब्राल्टर येथे १८४८ मध्ये सापडलेली, परंतु अनेक वर्षे दुर्लक्षित राहिलेली एक कवटी १८६४ मध्ये त्यांच्याकडे आली. ती निअँडर खोऱ्यातील कवटीशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी ओळखले आणि त्याच वर्षी बाथ येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात ती मांडली. जर्मनीतील कवटी एखाद्या आजारी व्यक्तीची असावी, असा काही विद्वानांचा आक्षेप होता. दोन दूरच्या स्थळी एकाच घडणीच्या कवट्या मिळाल्याने हा आक्षेप दुबळा झाला.

बस्क १८५७ ते १८६८ या काळात लिनियन सोसायटीचे प्राणिशास्त्र विभागाचे सचिव होते. याच काळात, १ जुलै १८५८ रोजी, चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरील निबंध या सोसायटीत वाचले गेले. १८६४ मध्ये रॉयल सोसायटीने डार्विन यांना कॉप्ली पदक दिले. त्यासाठी डार्विन यांचे नाव सुचवणाऱ्यांत बस्क होते. त्याच वर्षी टॉमस हेन्री हक्सली यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एक्स क्लब या नऊ शास्त्रज्ञ व विचारवंतांच्या मंडळाचे ते सदस्य होते. जोसेफ हूकर, जॉन टिंडल, हर्बर्ट स्पेन्सर व जॉन लबक हे या मंडळातील इतर काही सदस्य होत. विज्ञानाला धर्मसंस्थेच्या दडपणापासून मुक्त ठेवणे हे या मंडळाचे धोरण होते.

शोधाचा पुढील इतिहास

बस्क यांच्या मृत्यूनंतर पूर्व आशियात या कृमीचे जीवनचक्र उलगडले. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी तैवानमध्ये नाकागावा यांनी डुकरांवर प्रयोग करून त्याचे टप्पे दाखवले. चीनमध्ये क्लॉड बार्लो या अमेरिकन वैद्याने मानवातील संसर्गाचा अभ्यास केला. त्यांचा सविस्तर ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पूर्ण वाढ झालेला कृमी साधारणपणे २ ते ७.५ सेंमी. लांब असतो व माणसाच्या किंवा डुकराच्या लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो. त्याची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. विष्ठा तळ्यात किंवा डबक्यात मिसळली, तर उष्ण पाण्यात काही आठवड्यांत अंड्यांतून सूक्ष्म डिंभ बाहेर येतात. हे डिंभ विशिष्ट जातींच्या लहान, चपट्या गोगलगायींच्या शरीरात शिरतात व तेथे अनेक पटींनी वाढतात. गोगलगायीतून बाहेर पडलेले शेपटीयुक्त डिंभ पाण्यातील वनस्पतींच्या पृष्ठभागाला चिकटतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कठीण आवरण तयार करतात. या अवस्थेला पुटी म्हणतात. पुटीसह वनस्पती पोटात गेली, की लहान आतड्यात आवरण सुटते व सुमारे तीन महिन्यांत कृमी प्रौढ होतो.

शिंगाडा, कमळाचे कंद व पाण्यातील पालेभाज्या यांच्यामार्फत हा संसर्ग होतो. शिंगाड्याच्या बाबतीत धोका गरात नसून सालीवर असतो. ताजा शिंगाडा दातांनी सोलताना सालीवरील पुट्या तोंडात जातात. तळ्याकाठी खेळणाऱ्या व तेथेच शिंगाडे सोलून खाणाऱ्या मुलांमध्ये रोगाचे प्रमाण अधिक आढळते, त्याचे हे कारण आहे. पुट्या कोरड्या वातावरणात व उकळत्या पाण्यात टिकत नाहीत. त्यामुळे उकडलेले शिंगाडे किंवा उपवासाला वापरले जाणारे, वाळवलेल्या शिंगाड्यांचे पीठ यांतून हा रोग होत नाही.

याच कुळातील यकृत-पर्णकृमीचा प्रसारही पाण्यातील व पाणथळ जागेतील वनस्पतींवरील पुट्यांमार्फत होतो. त्याच्या बाबतीत वनस्पती चावून खाण्याखेरीज तिचा कच्चा रस पिणे हाही संसर्गाचा मार्ग आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात लसूणघासाचा कच्चा रस पिण्याशी या रोगाचा संबंध आढळला आहे. वनस्पती वाटताना किंवा पिळताना सूक्ष्म पुट्या रसात उतरतात. रस गाळल्याने त्या निश्चितपणे दूर होत नाहीत आणि रस उकळला जात नसल्याने त्या जिवंत राहतात. रस आरोग्यदायी समजून प्यायला जातो, त्यामुळे रुग्णाला त्याचा संशयही येत नाही.

फॅसिओलॉप्सिसच्या सौम्य संसर्गात बहुधा लक्षणे दिसत नाहीत. कृमींची संख्या मोठी असल्यास पोटदुखी, जुलाब, भूक मंदावणे, रक्तक्षय व चेहऱ्यावर सूज ही लक्षणे दिसतात. मुलांमध्ये कुपोषणाची भर पडून आजार गंभीर होऊ शकतो. विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निदान होते. प्राझिक्वांटेल या औषधाने रुग्ण बरा होतो. मात्र तळे दूषित राहिल्यास उपचारानंतर पुन्हा संसर्ग होतो.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात हा रोग मुख्यतः आसाम, बंगाल, बिहार व उत्तर प्रदेश या तळ्यांच्या प्रदेशांत आढळतो. पश्चिम भारतात तो आढळल्याची नोंद बरीच नंतरची आहे. मुंबईतील रुग्णांविषयीचे प्राथमिक निवेदन १९६६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर पालघर तालुक्यातील या रोगाचा साथरोगशास्त्रीय अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे ठाणे जिल्ह्यातच राहिली.

या नोंदींमुळे रोगाच्या भौगोलिक व्याप्तीविषयीची समजूत बदलली. पूर्व भारतातील मोठी तळी हे या रोगाचे एकमेव क्षेत्र नाही. माणसाची किंवा डुकराची विष्ठा, योग्य जातीची गोगलगाय आणि कच्ची खाल्ली जाणारी पाणवनस्पती या तीन गोष्टी ज्या पाण्यात एकत्र येतात, तेथे तो मूळ धरू शकतो. यांपैकी एक दुवा तुटला, तरी कृमीचे जीवनचक्र खंडित होते. शिंगाड्याची लागवड हे स्वतःहून रोगाचे कारण नाही. पूर्व विदर्भातील तलावांत ढीवर समाज परंपरेने शिंगाड्याचे पीक घेत आला आहे व अनेक कुटुंबांची उपजीविका त्यावर चालते. त्यामुळे प्रतिबंधाचा भर पीक बंद करण्यावर नसतो. शौचालयांचा वापर, मैलापाणी व डुकरांची विष्ठा तळ्यांत जाऊ न देणे आणि पाणवनस्पती उकडून खाणे या उपायांवर तो असतो.

सन्मान आणि पदे

बस्क १८७१ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचे रॉयल पदक मिळाले. १८७३–७४ मध्ये ते अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. जिओलॉजिकल सोसायटीने त्यांना १८७८ मध्ये लायल पदक व १८८५ मध्ये वोलॅस्टन पदक देऊन गौरवले. प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन करणारा कायदा ब्रिटनमध्ये १८७६ मध्ये झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेले पहिले निरीक्षक बस्क हे होते.

मृत्यू

१० ऑगस्ट, १८८६ रोजी, वयाची ७९ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना, बस्क यांचे लंडन येथे निधन झाले. चॅलेंजर मोहिमेच्या अहवालाचा दुसरा भाग त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ब्रायोझोआंच्या अभ्यासकांखेरीज इतरांना त्यांचे प्राणिशास्त्रीय लेखन आज फारसे परिचित नाही. परजीवीशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र, भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांतील पुस्तकांसह, फॅसिओलॉप्सिस बस्की या कृमीच्या नावाने त्यांचे स्मरण कायम आहे.